इम्प्लांट दुखत नाही म्हणून थांबू नका

ज्यांच्या तोंडात इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेला स्क्रू, आहे, ज्यांनी तो बसवायची तारीख ठरवून ठेवली आहे आणि ज्यांच्या आई-वडिलांना तो बसवलेला आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर. पैसे साठवून, कधी हप्ते भरून लोक दात बसवून घेतात आणि काही वर्षांत त्या दाताभोवतीचं हाड झिजायला लागतं, असे पेशंट माझ्याकडे वाढत चालले आहेत. त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताच नसतो. ते आलेले असतात दुसऱ्याच कशासाठी तरी.

म्हणून मागणं आधी सांगते, कारणं मग. इम्प्लांट बसवल्यापासून त्याच्याभोवतीची हिरडी कुणी मोजमापाची बारीक सळई घालून मोजली नसेल, किंवा वर दाताची कॅप बसल्यानंतर त्या जागेचा एक्स-रे पुन्हा कधी निघालाच नसेल, तर या महिन्यात दोन्ही करून घ्या. दुखण्याची वाट बघू नका. ज्यांचा इम्प्लांट अजून बसायचा आहे आणि ज्यांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलावी आणि आधी उरलेल्या दातांच्या हिरड्या बऱ्या करून घ्याव्यात. दोन-तीन महिने उशीर झाला तरी चालेल. गेलेलं हाड मात्र परत मिळवणं फार कठीण असतं, आणि कित्येकदा ते मिळतही नाही.

आता कारण. तोंडात काही दात उरलेले असतात आणि काही गेलेले असतात, तेव्हा बसवलेला इम्प्लांट रिकाम्या घरात राहायला येत नाही. त्याला शेजारी असतात, आणि त्या शेजाऱ्यांच्या मुळाशी वर्षानुवर्षं वस्ती करून राहिलेले जिवाणू असतात. वाळवी लागलेल्या चौकटीत नवं कोरं दार बसवलं तर काय होईल, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. तोंडाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. खराब दाढ काढतो, तिच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू बसवतो आणि बाजूच्या दातांवरचं कीटण, त्यांच्या हिरड्यांतला पू, सगळं तसंच ठेवतो.

इम्प्लांटचा इतिहास पाहिला तर ही चूक कुठून आली ते लक्षात येतं. टायटॅनियम हाडात घट्ट रुजतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५० च्या दशकात, सशांच्या हाडावर प्रयोग करताना. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि ते पुढे चाळीस वर्षं टिकले. सुरुवातीचं बरंचसं काम झालं ते एकही दात न उरलेल्या माणसांवर. त्या तोंडांत हिरडीखालचे खोल कप्पे उरलेलेच नव्हते, त्यामुळे तिथे दडून बसणारे जिवाणूही फार कमी होते. नंतर हेच तंत्र एक-दोन दाढा गेलेल्या, बाकीचे दात शाबूत असलेल्या माणसांसाठी वापरलं जाऊ लागलं. इम्प्लांट टिकतो हा विश्वास जुन्या रुग्णांवरून आला. तोंड मात्र आता वेगळं होतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधकांनी या दोन्ही प्रकारच्या तोंडांतल्या इम्प्लांटभोवतीचा थर तपासून ताडून पाहिला. दात उरलेल्या माणसांमध्ये इम्प्लांटभोवती सापडणारे जिवाणू त्यांच्या स्वतःच्या दातांभोवतीच्या जिवाणूंसारखेच निघाले. हिरड्यांचा आजार, म्हणजे पायोरिया, करणाऱ्या टोळीतलं नेहमीचं नाव म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. तो आणि त्याचे सोबती या लोकांच्या इम्प्लांटवर जास्त प्रमाणात होते. हे स्थलांतर किती झपाट्याने होतं तेही पुढे कळलं. इम्प्लांट बसवल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्याच्यावर जिवाणू सापडतात, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटाने हिरडीतून वर येणारा जोड बसवल्यावर तिथे तयार होणाऱ्या नव्या फटीचा पाठपुरावा केला. आठवड्याभरात त्या फटीत दातांभोवती असते तशीच भरगच्च वस्ती उभी राहिली होती. हे एवढं सगळं होतं तेव्हा पेशंट घरी मऊ भात खात असतो आणि ‘आता सुटलो एकदाचं’ असं म्हणत असतो.

जिवाणू आले म्हणजे आजार झालाच असं नाही. निरोगी हिरडीतही ते असतातच. आजार होतो तो त्यांचा थर रोज निघाला नाही, जुना होत गेला, की. १९९४ साली स्वयंसेवकांना तीन आठवडे दात घासायचं बंद ठेवायला सांगून एक प्रयोग झाला. तेवढ्यात दातांभोवतीची हिरडी सुजली तशीच इम्प्लांटभोवतीचीही सुजली. सुजेचा हा पहिला टप्पा. हिरडी लालसर होते, जरा बोट लागलं की रक्त येतं, हाडाला मात्र अजून धक्का लागलेला नसतो. या टप्प्यावर नीट साफसफाई झाली तर सूज उतरते. माझं सगळं आवाहन खरं तर या टप्प्यासाठी आहे, कारण इथे इम्प्लांट वाचतो.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे हाड विरघळायला लागणं. त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. इथे इम्प्लांट आपल्या दातापेक्षा दुबळा पडतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. ते तंतू दाताच्या मुळात आडवे रुतलेले असतात आणि आतपर्यंत जाणारी सूज बऱ्यापैकी अडवून धरतात. शिवाय त्या पडद्यातून रक्तपुरवठा होतो. इम्प्लांटला तो पडदाच नाही. हिरडीचे तंतू धातूला समांतर जातात, त्यात रुतत नाहीत. त्यामुळे सूज एकदा खाली उतरू लागली की तिला अडवणारं फारसं काही नसतं, ती थेट हाडाच्या काठापर्यंत पोहोचते. आणि हाडात रुजावं म्हणून मुद्दाम खडबडीत केलेला स्क्रूचा भाग उघडा पडला, की त्या खाचाखोचांत जिवाणूंचा थर असा काही चिकटून बसतो की आम्हालाही तो पूर्ण काढता येईल याची खात्री देता येत नाही.

मध्यंतरी एक गृहस्थ आले होते. एसटीतून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास. लेकीचं लग्न आहे, फोटोत दात बरे दिसावेत म्हणून नुसते साफ करून द्या, एवढंच म्हणणं. डावीकडच्या खालच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट होते, काही वर्षांपूर्वी बसवलेले. वरून कॅप चकचकीत, हिरडीही पाहिल्या पाहिल्या ठीक दिसत होती. मी मोजमापाची सळई घेतली. सुईसारखी बारीक पण टोकाशी बोथट असते ती, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात. अगदी हलक्या हाताने हिरडी आणि कॅप यांच्या मधे सरकवली. निरोगी जागी ती साधारण तीन-चार मिलिमीटरवर थांबते. इथे ती आठपर्यंत गेली. बाहेर काढली तेव्हा आधी रक्ताचा थेंब आला आणि त्याच्या मागोमाग पिवळसर पू. ते म्हणाले, “मॅडम, दुखत तर काहीच नाही. उलट याच बाजूने चावतो मी.” एक्स-रेत स्क्रूचे वरचे वेढे हाडाबाहेर आलेले स्पष्ट दिसत होते.

मग मी त्यांना शेजारची दाढ दाखवली. इम्प्लांटला लागून असलेली, स्वतःची, पूर्ण शाबूत म्हणून कुणी हात न लावलेली. तिथेही सळई सात मिलिमीटर आत गेली. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाची सलग तपकिरी भिंत होती. त्यांच्याकडे जुन्या कागदांत दात काढल्याची चिठ्ठी होती, इम्प्लांटची पावती होती, कॅपची पावती होती. हिरड्यांच्या उपचाराचा एकही कागद नव्हता.

आम्ही दोन्ही जागांवरचा थोडासा थर काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून पडद्यावर त्यांना दाखवला. निरोगी जागेवरच्या थरात बहुतेक गोल ठिपके असतात, जवळजवळ स्थिर. त्यांच्या पट्टीवर मळसूत्रासारखे पीळदार जिवाणू गिरक्या घेत होते, काड्यांसारखे लांबट जिवाणू सळसळत होते. निरोगी आणि आजारी इम्प्लांटभोवतीच्या वस्तीतला हाच फरक स्विस संशोधकांनी १९८७ साली नोंदवला होता. दाढेची पट्टी आणि इम्प्लांटची पट्टी कोणती, हे पडद्यावर बघून त्यांना ओळखता आलं नाही. मलाही आलं नसतं.

हे त्यांच्या एकट्याचं दुर्दैव म्हणावं असं नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात इम्प्लांट असलेल्या सुमारे ४३ टक्के लोकांमध्ये पहिल्या टप्प्याची सूज, तर सुमारे २२ टक्क्यांमध्ये हाड झिजण्याचा आजार आढळला. वेगवेगळ्या अभ्यासांत हे आकडे खूप कमी-जास्त होते, कारण आजाराची व्याख्याच तेव्हा जो तो आपापली वापरत होता. या आजारांवरच्या २०१७ च्या जागतिक परिषदेत ती व्याख्या ठरली: जुनी नोंद हाताशी नसेल तर रक्त किंवा पू, सहा मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि तीन मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं, हे तिन्ही एकत्र दिसलं की तो पेरी-इम्प्लांटायटिस समजायचा. बर्नमध्ये दहा वर्षं चाललेला दुसरा एक अभ्यास मला आकड्यांपेक्षा त्याच्या अर्थासाठी महत्त्वाचा वाटतो. पायोरियामुळे दात गेलेल्या लोकांमध्ये जवळजवळ २९ टक्के इम्प्लांटना हा आजार झाला. ज्यांचे दात इतर कारणांनी गेले होते त्यांच्यात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत राहिलं. म्हणजे दात कशामुळे गेला हा प्रश्न इम्प्लांट बसवण्याआधी विचारलाच पाहिजे. तुमचा दात हलून हलून गेला असेल, तर तो घालवणारं कारण तुमच्या तोंडात अजून बसलेलं आहे.

यावर काही जण विचारतात, मग सगळेच दात काढून टाकले तर? जिवाणूंचा उगमच बंद होईल. कृपा करून हा विचार मनात आणू नका, आणि कुणी तसं सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. उपचार करून टिकणारा स्वतःचा दात हा कुठल्याही इम्प्लांटपेक्षा चांगला. त्याच्या मुळाशी तो तंतूंचा पडदा असतो, जो आम्हाला कारखान्यात बनवता येत नाही. शिवाय सगळे दात काढले तरी जिभेवर, घशाकडच्या भागात यातले काही जिवाणू राहतातच. पायोरियावर चांगले उपचार आहेत. हिरडीखाली खोलवर साफसफाई केली, गरज पडली तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया केली आणि नंतर नियमित तपासणी ठेवली, तर हलायला लागलेले कित्येक दातही वर्षानुवर्षं टिकतात. आणि एक गैरसमज अजूनही घरोघरी ऐकू येतो, तोही इथेच मोडून काढते. साफसफाईने दात ढिले होत नाहीत. कीटणाने धरून ठेवलेला दात कीटण निघाल्यावर खरा कसा आहे ते दिसतं, एवढंच.

इम्प्लांट बसवायच्या आधी डॉक्टरांशी बोलताना संकोच करू नका. पैसे तुमचे आहेत, हाड तुमचं आहे. माझ्या सगळ्या दातांभोवतीची खोली मोजून लिहून द्या, असं म्हणा. कॅप स्क्रूने बसणार की सिमेंटने, तेही विचारा. सिमेंटने बसवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली सांडून राहू शकतं आणि त्या खरखरीत कडेवर जिवाणू ठाण मांडतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा कॅप असलेल्या आजारी इम्प्लांटांपैकी ८१ टक्के ठिकाणी हे उरलेलं सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश ठिकाणी आजाराची लक्षणं गेली. सिमेंट वापरू नये असं माझं म्हणणं नाही, पण त्यानंतर एक्स-रे काढून ते उरलं नाही ना हे बघायलाच हवं. कॅपचा आकार असा हवा की तुमच्या हातातला ब्रश तिच्या बुडाशी पोहोचेल. स्वीडनमधल्या एका पाहणीत, नीट साफ करता येत नाहीत अशा इम्प्लांटांपैकी जवळजवळ निम्मे आजारी होते, तर साफ करता येण्याजोग्यांपैकी फक्त चार टक्के. म्हणून कॅप पक्की करण्याआधी खुर्चीतच आरसा मागा आणि दातांमधला बारीक ब्रश तिथून जातो का, ते स्वतःच्या हाताने करून पाहा.

जाहिरातींत ‘आयुष्यभराची वॉरंटी’ लिहिलेलं असतं. ती असते धातूच्या स्क्रूची. तो स्क्रू सहसा मोडत नाही, त्याला कीडही लागत नाही, हे खरं आहे. पण हिरडीची आणि हाडाची वॉरंटी कोणतीही कंपनी देत नाही. ‘कीड लागत नाही’ एवढंच लक्षात राहिल्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि पुन्हा डॉक्टरांकडे फिरकत नाहीत. ब्राझीलमध्ये पहिल्या टप्प्याची सूज असलेल्या ८० लोकांकडे पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातले जे नियमित साफसफाईला येत राहिले, त्यांच्यापैकी १८ टक्के लोकांमध्ये आजार हाडापर्यंत गेला. जे येईनासे झाले, त्यांच्यापैकी जवळजवळ ४४ टक्क्यांमध्ये तो गेला. वर्षातून किमान दोनदा या. पायोरिया झालेला असेल, मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल, तर दर तीन-चार महिन्यांनी या.

तंबाखूबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्या राज्यात साधारण दर चौथा प्रौढ माणूस कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो, आणि त्यातले बहुतेक तो ओढत नाहीत, तोंडात धरतात. मिशरी तर कित्येक बायकांना तंबाखू वाटतच नाही, ती दात घासायची पूड वाटते. सासूने लावली, सुनेने उचलली. ताई, मावशी, मिशरीने दात घासले जात नाहीत. तिने हिरडी काळी पडते, खाली सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो तो वेगळाच. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत हिरडीतून रक्त येणं दबून जातं, त्यामुळे आजार वाढत असतानाही रक्त दिसत नाही. इम्प्लांट बसवायचा आहे हे तंबाखू सोडायला पुरेसं कारण समजा. सोडता येत नसेल तर तसं डॉक्टरांना खरं सांगा. लपवल्याने नुकसान तुमचं होतं.

मधुमेहाचंही तसंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर आवाक्यात असेल तर इम्प्लांट बसवायला हरकत नाही. पण तीन महिन्यांची साखर तपासून, तो कागद दाताच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खुर्चीवर बसू नका. आणि इम्प्लांट बसल्यानंतर साखर वाढली, तर फक्त मधुमेहाच्या डॉक्टरांना नका सांगू, आम्हालाही सांगा.

घरी काय करायचं ते अवघड नाही, पण रोज करायचं आहे. मऊ ब्रश घ्या. त्याचे केस हिरडी आणि कॅप जिथे भेटतात तिथे तिरके टेकवा आणि हळूहळू फिरवा. दोन दातांमध्ये, इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी, बाटली धुवायच्या ब्रशच्या धाटणीचा जो बारीक ब्रश मिळतो तो घाला. त्याची तार प्लॅस्टिकने मढवलेली बघून घ्या, म्हणजे धातूवर चरे पडणार नाहीत. योग्य जाडीचा ब्रश कोणता ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. पुलासारखे जोडलेले दात असतील तर खालून ओवायचा जाडसर धागा मिळतो, तो वापरा. हे सगळं रात्री झोपण्याआधी करा, कारण झोपेत लाळ कमी होते. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड इम्प्लांटवर नको. टाचणीने, सेफ्टी पिनेने, आगकाडीने कोरणं तर अजिबातच नको. माउथवॉशने चूळ भरून ब्रशचं काम होत नाही. चिकटलेला थर घासल्याशिवाय निघत नाही.

आणि रक्त आलं म्हणून त्या जागी ब्रश लावायचा थांबू नका. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक लोक तेच करतात. रक्त येतं म्हणून ती बाजू सोडतात, सोडली म्हणून थर वाढतो, थर वाढला की रक्त आणखी येतं. हलक्या हाताने पण रोज स्वच्छ करा, आणि आठवड्याभरात रक्त थांबलं नाही तर दाखवायला या.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खाऊ नका. सूज तात्पुरती उतरते, पू दिसेनासा होतो, आणि बरं झालं असं वाटून आणखी वर्ष-सहा महिने निघून जातात. तोवर हाड जात राहतं. चिकट थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत गोळी नीट पोहोचत नाही. तो थर हाताने, यंत्राने काढावाच लागतो. कॅप हलते आहे असं वाटलं तर त्याच दिवशी फोन करा. कधी आतला छोटा जोड-स्क्रू सैल झालेला असतो आणि काम काही मिनिटांत होतं. पण खुद्द इम्प्लांटच हलायला लागला असेल तर तो बहुधा वाचत नाही.

आता इम्प्लांट असलेल्यांची जी मुलं हे वाचत असतील त्यांच्यासाठी. आई-बाबांना नीट खाता यावं म्हणून तुम्ही इम्प्लांटचा खर्च उचलता, हे फार चांगलं करता. पण ते सत्तरीत बसवलेले इम्प्लांट ऐंशीव्या वर्षीही तोंडात असतात. तेव्हा हाताला कंप सुटलेला असतो, नजर अधू झालेली असते, किंवा विस्मरणामुळे ब्रश केला की नाही हेच आठवत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रात्री कवळी काढून ठेवायची, हे सांभाळायला येणाऱ्या ताईंना माहीत असतं. या दातांत इम्प्लांट आहेत आणि ते न काढता तोंडातच घासायचे आहेत, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. सांगा. एकदा डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या आणि कसं घासायचं ते त्यांच्या हाताने करून घ्या. विजेवर चालणारा, जाड मुठीचा ब्रश अशा वेळी खूप सोयीचा पडतो.

डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेतून, आखातातून येणारे आपले कित्येक लोक इथे स्वस्तात होतं म्हणून पुणे-मुंबईत, गोव्यात इम्प्लांट बसवून जातात. त्यात गैर काही नाही. मात्र परत जाताना इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी, कॅप कशी बसवली आहे आणि बसवल्या दिवशीचा एक्स-रे, हे सगळं लेखी घेऊन जा. तिकडच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर ते त्या इम्प्लांटला हात लावायला कचरतात आणि तपासणी पुढच्या भारतवारीपर्यंत राहून जाते. इथेच राहणाऱ्यांनीही हा कागद मागून घ्यावा. दवाखाने बंद होतात, डॉक्टर गाव बदलतात.

माझ्या व्यवसायातल्या मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगणं आहे. सळई घाला. इम्प्लांटभोवती सळई घातली तर नुकसान होईल, ही भीती जुनी आहे आणि ती खरी ठरलेली नाही. कॅप बसवल्या दिवशीची खोली आणि एक्स-रे नोंदवून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी हाड किती गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही. हिरड्यांचे उपचार पूर्ण झाल्याशिवाय तारीख देऊ नका, पेशंट दुसरीकडे जाईल अशी धास्ती वाटली तरी.

खर्चाची अडचण असेल तर तपासणी तेवढ्यासाठी टाळू नका. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळ्या ठिकाणी हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि खाजगी दवाखान्याच्या मानाने खूप कमी पैशांत काम होतं. सकाळी लवकर जा, गर्दी असते. जाताना जुने एक्स-रे, इम्प्लांटचे कागद, मधुमेहाचे आणि इतर औषधांचे कागद बरोबर ठेवा. केसपेपर काढताना ‘दात साफ करायचे आहेत’ एवढंच सांगू नका. “माझ्या तोंडात इम्प्लांट आहे, त्याच्याभोवतीची आणि बाकीच्या सगळ्या दातांची खोली मोजून लिहून द्या,” असं सांगा.